गणवेशाचे पैसे कोणी भरले?

‘ओरान हायस्कूल होस्ट क्लब’ ही जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, पूर्ण होऊन दीड दशक झालं, तरी तिच्यावरचं भांडण काही मिटत नाही. दिवाळीत आमच्या घरी ते दोन रात्री चाललं. भाचीच्या मैत्रिणीचं म्हणणं होतं, “अठरा खंड तिला मुलाच्या कपड्यांत फिरवलं आणि शेवटी एका मुलाच्या प्रेमात पाडून नेहमीच्याच वाटेला लावलं. यात बंडखोर काय?” भाची म्हणत होती, “शेवट काही का असेना, ती मुलगा-मुलगी असा भेद मानतच नाही, हे महत्त्वाचं.” आणि भाचीचे बाबा दोघींना समजावत होते, “अगं, विनोदी प्रेमकथा आहे. हसायचं आणि सोडून द्यायचं.” पुढे मी या मांगावर जे जे वाचलं, त्यात हेच तीन सूर पुन्हा पुन्हा भेटले. मला तिन्ही अपुरे वाटतात, कारण तिघांचंही लक्ष एकाच गोष्टीवर आहे: शेवटच्या पानावर मुलीच्या अंगावर काय आहे, आणि त्याचं आपण किती मनावर घ्यायचं. वेशांतराच्या गोष्टीला याच्या आधीचा एक प्रश्न विचारायला हवा. ते कपडे तिच्या अंगावर कोणी चढवले, कशासाठी, आणि त्यांचे पैसे कोणी भरले?

गोष्ट थोडक्यात सांगते. बिस्को हातोरी यांची ही मांगा २००२ ते २०१० या काळात ‘लाला’ या मुलींसाठीच्या मासिकात क्रमशः आली. २००६ मध्ये तिची २६ भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन, मालिका निघाली आणि जगभरचे बहुतेक लोक तिला त्या मालिकेतून ओळखतात. हारुही फुजिओका ही गरीब घरातली हुशार मुलगी शिष्यवृत्तीवर ओरान या अतिश्रीमंतांच्या शाळेत शिकते. केस आखूड, डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगावर साधे घरचे कपडे, कारण शाळेचा गणवेश तिला परवडणारा नाही. अभ्यासाला शांत जागा शोधत ती एका संगीतवर्गात शिरते. तिथे शाळेतली सहा देखणी मुलं ‘होस्ट क्लब’ चालवत असतात, म्हणजे श्रीमंत मुलींना चहा पाजत, गोड बोलत त्यांचं मन रमवत असतात. हारुहीच्या धक्क्यानं तिथली ८० लाख येनांची फुलदाणी फुटते. कर्ज फेडायला तिला क्लबात राबावं लागतं आणि तिला मुलगा समजून होस्ट बनवलं जातं: शंभर ग्राहक मिळव, कर्ज माफ. ती मुलगी आहे हे कळतं, तोवर तिच्यावर मुली भाळलेल्या असतात.

इथे जरा थांबायला हवं. हारुहीनं वेश घेतलेलाच नाही! तिनं कोणाला फसवायचं ठरवलं नाही, छाती बांधली नाही, आवाज बदलला नाही. गणवेशाला पैसे नव्हते म्हणून ती मुलगी दिसत नव्हती, एवढंच. त्या शाळेत मुलगी ‘मुलगी’ दिसते ती गणवेशामुळे, आणि गणवेशाला पैसे लागतात. पुढे तिला गणवेश मिळतो तो मुलाचा, होस्ट क्लबकडून. तो अंगात घातल्यावर, हा खरंच ठेवून घेऊ का, असं ती विचारते. तिचा आनंद गणवेश फुकट मिळाल्याचा आहे, तो मुलाचा आहे की मुलीचा हे तिच्या हिशेबात बसतच नाही. स्त्री-पुरुष भेदावरच्या चर्चेत ही गरिबी कशी निसटून जाते, याचं मला खरोखर नवल वाटतं. हातोरींनी ती पहिल्याच प्रकरणात ठळक मांडून ठेवली आहे.

हाच प्रश्न घेऊन जपानी मुलींच्या मांगाचा इतिहास चाळला तर एक ओळ दिसू लागते. १९५३ मध्ये ओसामु तेझुकांनी ‘रिबोन नो किशी’ सुरू केली. तिच्यातल्या सफायरला कपडे चढवले राज्याच्या कायद्यानं. गादी फक्त मुलाला मिळते, म्हणून राजकन्येला राजपुत्र म्हणून वाढवलं. शिवाय देवदूताच्या खोडीमुळे तिच्यात मुलाचं आणि मुलीचं अशी दोन हृदयं, आणि तिचं शौर्य मुलाच्या हृदयाच्या खात्यावर जमा. १९७२ मध्ये रियोको इकेदांची, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली ‘बेरुसाइयु नो बारा’ आली. तिच्यातल्या ऑस्करला कपडे चढवले वडिलांनी. जनरलला मुलगा नव्हता, वारस हवा होता. पण आता दुसरं हृदय नाही. ऑस्करची तलवार तिची स्वतःची. १९९६ साली हिसाया नाकाजो यांच्या ‘हानाझाकारी नो किमिताची ए’मध्ये मिझुकी स्वतःच वेश घेते, अमेरिकेहून जपानला येते आणि मुलांच्या वसतिगृहात राहते. कशासाठी? तिच्या आवडत्या उंच उडीपटूनं उडी मारणं सोडलंय, त्यानं पुन्हा मारावी म्हणून. आणि मग हारुही, जिला कपडे चढवले धनकोंनी. कायदा, बाप, प्रेम, कर्ज. पन्नास वर्षांत वेश चढवणारा हात बदलत गेला. त्या-त्या वेळी मुलीच्या आयुष्याची दोरी कोणाच्या हाती होती, ते यावरून कळतं. या चौघींना ‘मुलगा बनलेल्या मुली’ अशा एका पाटीखाली टाकून मग ‘पुरोगामी की प्रतिगामी’ विचारणं म्हणजे चार वेगळ्या खटल्यांचा एकच निकाल लावणं आहे. मला विचाराल तर मिझुकीच्या बाबतीत भाचीच्या मैत्रिणीचा आक्षेप बराचसा खरा आहे. एका मुलाची उडी परत यावी म्हणून एका मुलीनं आपलं सगळं जग मागं टाकावं, हे मला आजही खुपतं.

आता शेवटाचा आक्षेप. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हारुहीचं क्लबाचा प्रमुख असलेल्या तामाकीशी जमतं, आणि मुला-मुलींच्या शेकडो कथांचा जो शेवट असतो तोच इथेही आहे. ज्या वाचक मुली क्लबातल्या हारुहीवर भाळलेल्या मुलींमध्ये स्वतःला पाहत होत्या, त्यांना तो शेवट दार लावून घेतल्यासारखा वाटला असेल, तर ती तक्रार रास्त आहे. पण शेवट हीच कसोटी धरली तर काय होतं ते पाहा. बाराव्या शतकाच्या सुमाराची ‘तोरिकाएबाया मोनोगातारी’ नावाची एक दरबारी कथा आहे. तिच्यातली बहीण पुरुष म्हणून आणि भाऊ स्त्री म्हणून वाढतो. बहीण दरबारात मोठ्या पदाला पोचते, गरोदर राहते, आणि अखेरीस दोघं जागा बदलून ‘आपापल्या’ ठिकाणी जातात. शेवट पूर्ण परंपरेचा. तरी आठशे वर्षं ती वाचली गेली ती या शेवटासाठी का? मधल्या भागात एक बाई राजकारभार उत्तम चालवू शकते हे दिसलं, आणि ते एकदा दिसलं की शेवट पुसू शकत नाही. उलट, शेवटपर्यंत वेश न सोडणारी कोण? ऑस्कर. तिनं एकदा नाचाच्या मैफलीसाठी बायकी झगा घातला तेवढाच. मेली ती वर्दीत, १४ जुलै १७८९ ला पॅरिसमधल्या बास्तीय तुरुंगाच्या तटासमोर. शेवटाच्या कसोटीवर ती अव्वल ठरते. म्हणजे कसोटीला उतरायचं तर मुलीनं मरायचं? जिवंत राहिली, प्रेमात पडली, शिकायला परदेशी गेली, तर ती हरली? मी असा हिशेब मांडायला तयार नाही. आणि हो, हारुही अखेरीस अमेरिकेला शिकायला जाते, वकील झालेल्या आईच्या वाटेनं जायचं तिचं ध्येय कायम असतं, ही गोष्ट शेवटावर भांडणारे क्वचितच सांगतात.

जपानमध्ये पुरुषाचा वेश घेणारी बाई ही मांगाची निर्मिती नाही. काबुकी ही जपानी नाट्यकला सुरू केली ओकुनी नावाच्या बाईनं, १६०३ च्या सुमारास क्योतोत. तलवार लावून, छैलछबिल्या पुरुषाच्या वेशात, चहाघरातल्या बाईशी लगट करणारा पुरुष ती रंगवायची आणि लोक तुटून पडायचे. चारशे वर्षांनंतरच्या होस्ट क्लबात हारुही जे करते त्याच्याशी हे किती जवळचं आहे! १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी आली आणि काबुकी पुरुषांची झाली. मग १९१३ मध्ये एका रेल्वे कंपनीच्या मालकानं, इचिझो कोबायाशी यांनी, ताकाराझुका या गरम झऱ्यांच्या गावात प्रवासी यावेत म्हणून फक्त मुलींची नाटक मंडळी काढली. तिथे पुरुषांच्या भूमिका मुलीच करतात आणि त्यांच्या चाहत्या बहुसंख्येनं बायकाच. तेझुका याच गावात, ही नाटकं पाहत वाढले. ‘बेरुसाइयु नो बारा’ तिथे १९७४ मध्ये रंगमंचावर आली. पण मंडळीचा नियम असा की लग्न करायचं तर बाहेर पडायचं. म्हणजे पुरुषाची ऐट मुलीला मिळायची ती उसनी, मुदतीची. हातोरींना ही परंपरा नेमकी ठाऊक आहे. त्यांनी लोबेलिया या मुलींच्या शाळेचा एक क्लबच या मंडळीची नक्कल म्हणून उभा केला आहे. त्या मुली हारुहीला आपल्याकडे बोलावतात, ‘पुरुषांच्या तावडीतून’ सोडवू पाहतात आणि ती नकार देते. कारण ती या शाळेत आली ती कोणत्या बाजूनं लढायला म्हणून आलेली नाही, शिकायला आली आहे.

मराठी वाचकाला यात परकं वाटावं असं फार काही नाही. आपण हाच आरसा उलट बाजूनं पाहिलाय. बालगंधर्व रंगमंचावर जसं लुगडं नेसत, जसे दागिने घालत, तसं घराघरांतल्या बायका करू पाहत. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हे एका पुरुषाकडून शिकण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. नाटक संपल्यावर नारायणराव राजहंस पुन्हा पुरुष होत, म्हणून त्या भूमिकांचं मोल कमी झालं असं कोणी म्हटलं का?

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मात्र शेवटाचा नाही, समुद्रकिनाऱ्याच्या प्रकरणाचा आहे. क्लबाच्या मुलींना दोन गुंड त्रास देतात, हारुही एकटी मध्ये पडते, ते तिला कड्यावरून पाण्यात ढकलतात. तामाकी तिला वाचवतो आणि मग झापतो: तू मुलगी आहेस, एकटीनं का भिडलीस? ती म्हणते, तेव्हा मुलगा की मुलगी याचा विचार करायला वेळ नव्हता. रात्री क्लबाचा हिशेब सांभाळणारा क्योया तिला खोलीत पलंगावर दाबून धरतो, पुरुषाची ताकद काय असते याचं ‘प्रात्यक्षिक’ म्हणून. हे प्रकरण वाचताना माझ्या पोटात आजही गोळा येतो. बलात्काराची भीती दाखवून मुलीला शहाणपण शिकवायचं, ही पद्धत जगभरच्या घरांत चालते आणि कितीही सफाईनं लिहिली तरी ती ओंगळच. हातोरींनी तिला इतकं स्वस्तात सोडायला नको होतं. पण लेखिका क्योयाच्या बाजूनं आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी हारुहीचं उत्तर वाचावं. ती घाबरत नाही. तू हे करणार नाहीस, त्यात तुझा काही फायदा नाही, असं ती त्याला सांगते. नफा-तोट्याखेरीज काही न पाहणाऱ्या मुलाला तिनं त्याच्याच वहीतून वाचलं आहे. शेवटी ती माफी मागते ती काळजी लावल्याची. मध्ये पडणं चूक होतं असं ती कबूल करत नाही. त्याच रात्री वीज कडाडते, आणि विजेला घाबरून ही मुलगी लहानपणापासून एकटीच लपून बसत आलीय, हे तामाकीला कळतं. आई लवकर गेली, वडील कामावर, मदत मागायची सवयच लागली नाही. मला तर हे प्रकरण ‘मुलीनं मर्यादा ओळखावी’ असं सांगणारं वाटत नाही. गरीब घरातल्या, लवकर मोठ्या झालेल्या मुलाला कोणाच्या आधाराला टेकणं किती अवघड जातं, ते इथे दिसतं. आणि हे मुलग्याच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

आणखी एक आक्षेप पारलिंगी वाचकांकडून येतो आणि तो मी कधीच हलका मानणार नाही. वेशांतराच्या विनोदात ‘ही खरी कोण हे उघडं पडणं’ हा हशाचा क्षण असतो, आणि खऱ्या आयुष्यात ‘तू आम्हाला फसवलंस’ या एका वाक्यावर माणसांना मारहाण होते. हारुहीचे वडील रांका स्त्रीवेशात बारमध्ये काम करतात, आणि त्यांच्यावरचे काही विनोद आज वाचताना नकोसे होतात. हे मान्य करूनही एक गोष्ट दाखवावीशी वाटते. या मांगात उघडं पडण्याचा क्षण पहिल्याच प्रकरणात उरकला आहे. क्लबातल्या मुलांना एकेक करून कळतं, सर्वांत शेवटी तामाकीला, आणि फजिती होते ती कळणाऱ्यांची. पुढचे सगळे खंड धडपड चालते ती माहीत असलेल्यांची, हारुही शांत. लपवण्याचं ओझं तिच्या खांद्यावर न टाकता पाहणाऱ्यांच्या खांद्यावर टाकणं, हा या कथेतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. आणि रांका? विनोदांच्या पलीकडे हा माणूस बायको गेल्यावर मुलीला वाढवणारा, तिच्यावर जीव टाकणारा बाप आहे, आणि हारुहीला त्याच्या कपड्यांची कधी लाज वाटत नाही. माणूस आतून कसा आहे हे महत्त्वाचं, हे ती म्हणते तेव्हा ते पुस्तकी वाक्य नसतं. ती त्या घरात वाढली आहे.

होस्ट क्लबाबद्दलही बोललं पाहिजे. खऱ्या जपानमध्ये हा धंदा तरुण मुलींना उधारीवर पेयं पाजून कर्जात लोटतो, आणि ते फेडण्यासाठी कित्येकींना देहविक्रीकडे वळावं लागतं. २०२३ मध्ये हा मोठा सार्वजनिक प्रश्न बनला आणि २०२५ मध्ये त्यासाठी कायदा कडक करण्यात आला. या धंद्याला चहा-केकचं गोंडस रूप दिलं, हा दोष मांगाकडे जातोच. तरी तिच्यात कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे? ग्राहक मुलींच्या नाही, होस्टच्या. आणि ही होस्ट यशस्वी होते कशामुळे? पहिल्या दिवशी ती समोरच्या मुलींशी आपल्या आईबद्दल, आईच्या हातच्या पदार्थांबद्दल, घरकामाबद्दल मोकळेपणानं बोलते. बाकीची मुलं ठरवून मोहक वागतात. ती फक्त समोरच्याकडे नीट लक्ष देते, आणि मुली म्हणतात, उद्याही हाच हवा. मुलींना ‘मुलगा’ म्हणून कोण हवंय याचं हे उत्तर दोनशे निबंधांपेक्षा स्पष्ट आहे.

मग ‘हसा आणि सोडून द्या’ म्हणणाऱ्या भाचीच्या बाबांना काय सांगायचं? २०१८ मध्ये उघडकीला आलं की तोक्यो मेडिकल युनिव्हर्सिटी प्रवेश परीक्षेत मुलींचे गुण पद्धतशीरपणे कमी करत होती, कारण मुली पुढे डॉक्टरी सोडतात असं तिथल्या पुरुषांचं मत होतं. काय वाटलं असेल त्या मुलींना, ज्यांनी रात्री जागून अभ्यास केला आणि नापास झाल्याचा दोष स्वतःला दिला? त्या परीक्षेत एखादी हारुही मुलगा समजली गेली असती तर पास झाली असती. वेशांतराची विनोदी गोष्ट हेच तर करते. गुण तेच, माणूस तेच, फक्त पाहणाऱ्याचा समज बदलायचा आणि मग निकाल किती बदलतो ते बघायचं. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत एकच घटक बदलून पाहतात, तसं. हसू येतं ते निकाल बदलतो म्हणून. मग ते सोडून कसं देणार?

भाचीला या मांगाची काही पानं मराठीत करायची आहेत, आणि त्यात ती एका गोष्टीपाशी अडली आहे. जपानी क्रियापदाला लिंग नाही. तिथे माणूस ‘मी’साठी कोणता शब्द वापरतो त्यावरून अंदाज येतो. ‘ओरे’ म्हणजे रांगडा पुरुषी मी. हारुही बहुधा ‘जिबुन’ म्हणते, म्हणजे ‘स्वतः’, ना बायकी ना पुरुषी. तामाकीला चिडवायला ती एकदा म्हणते, यापुढे ‘ओरे’ म्हणून पाहू का? एका शब्दात अख्खं वेशांतर. मराठीत तिची फार कोंडी होते. ‘मी येतो’ की ‘मी येते’? ‘मी गेलो’ की ‘मी गेले’? येता-जाता आपली भाषा कपडे तपासते. आम्ही दोघींनी एक संध्याकाळ पळवाटा शोधण्यात घालवली आणि त्या सापडत गेल्या. भविष्यकाळात मराठी विचारत नाही: ‘मी येईन, मी शिकेन.’ नकारातही नाही: ‘मी येत नाही, मी घाबरत नाही.’ आणि केलेल्या कामातही नाही: ‘मी वाचलं, मी फेडलं.’ पुढे काय करणार हे सांगताना, नकार देताना आणि कर्ज फेडल्याचं सांगताना हारुही मराठीत निर्धास्त बोलू शकते. साधं ‘आलो’ म्हणायची वेळ आली की अडचण.

शेवटी भाचीनं तिच्या तोंडी सरळ ‘आलो, गेलो’ घातलं आणि ते पान कोल्हापूरच्या आपल्या मैत्रिणीला वाचायला दिलं, मुद्दाम काही न सांगता. तिनं पान वाचलं, हसायच्या जागी हसली, आणि परत देताना म्हणाली, “छान आहे की. मुलगी बोलतेय तेही अगदी आमच्यासारखं.”